नशिबाला कमी जागा ठेवणारा संघ

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात मुख्यालय असलेले डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ हे अभिमत विद्यापीठ आहे. त्यामुळे त्याला आपल्याच विद्यार्थ्यांतून बास्केटबॉलचा संघ उभा करून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरता येते. शेजारच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला मात्र पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या कितीतरी महाविद्यालयांतून खेळाडू निवडता येतात. वाटा वेगळ्या असल्या तरी मैदानावर दोघांनाही सोडवायचे गणित एकच आहे. साखळी स्पर्धेत एखादा वाईट दिवस पुढच्या सामन्यांत भरून निघतो, बाद फेरीत तो तिथेच सगळे संपवतो. स्पर्धेत ३२ संघ असतील तर विजेत्याला ओळीने पाच सामने जिंकावे लागतात. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ७० टक्के असलेला, म्हणजे चांगलाच सरस संघसुद्धा पाचही सामने जिंकेल याची शक्यता जेमतेम १७ टक्के भरते. ७०चे ८० झाले की तीच शक्यता ३३ टक्क्यांवर जाते, जवळजवळ दुप्पट. बाद पद्धतीत लहानशी सुधारणा अशी प्रत्येक फेरीत गुणली जाते, म्हणून ती नेमकी कुठे करायची हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. माझ्या मते ती रोज हमखास हाती लागणाऱ्या गोष्टींत करावी. एखाद्या दिवशीच साधणाऱ्या गोष्टींवर स्पर्धा उभी करू नये.

याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. एका संघाचा हल्ला संपला की चेंडू दुसऱ्याकडे जातो, त्यामुळे सामन्यात दोन्ही संघांना चेंडूचा ताबा जवळपास सारख्याच वेळा मिळतो. ४० मिनिटांच्या सामन्यात हा आकडा साधारण सत्तरच्या आसपास असतो. मग प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त शॉट मिळवायचे कसे? चेंडू फुकट गमवायचा नाही आणि आपला हुकलेला शॉट पुन्हा आपणच पकडायचा, हे दोनच मोठे मार्ग उरतात. अमेरिकी विश्लेषक डीन ऑलिव्हर यांनी २००४च्या पुस्तकात यशाचे चार घटक मांडले: शॉटची अचूकता, टर्नओव्हर, रिबाउंड आणि फ्री थ्रो. त्यांनी सर्वांत जास्त वजन अचूकतेला दिले, आणि ते बरोबरच आहे. पण अचूकता हीच सर्वांत चंचलही असते. ३५ टक्के अचूकतेच्या संघाने २० थ्री पॉइंटर मारले तर सरासरी सात पडतील, मात्र कौशल्य तेच असताना निव्वळ योगायोगाने एखाद्या दिवशी पाच पडतील, एखाद्या दिवशी नऊ. हा फरक १२ गुणांचा आहे. याउलट ७५ टक्के अचूकतेच्या २० फ्री थ्रोमध्ये असाच योगायोग सुमारे चार गुणांचाच फरक पाडतो. प्रतिस्पर्ध्यापेक्षा पाच टर्नओव्हर कमी आणि आक्रमणातले चार रिबाउंड जास्त म्हणजे नऊ जादा संधी. प्रत्येक संधीला साधारण एक गुण धरला तर नऊ गुण, आणि तेही कुणाचा हात त्या दिवशी चालो वा न चालो.

नऊ गुण थोडे वाटत असतील तर २०१७ सालचा बेंगळुरूतला महिला आशिया चषकाच्या ‘ब’ गटाचा अंतिम सामना आठवावा. पुण्याची शिरीन लिमये ज्या संघात होती, त्या भारतीय संघाने कझाकस्तानला ७५–७३ असे हरवून वरच्या गटात प्रवेश मिळवला. अख्ख्या स्पर्धेची मेहनत शेवटी एका बास्केटच्या फरकावर उभी होती.

यावर पहिला आक्षेप येतो तो तापलेल्या हाताचा. एखादी खेळाडू लयीत आली की सामना एकटी फिरवते, असे कोर्टावरचे बहुतेक जण मानतात. १९८५ साली गिलोविच, व्हॅलोन आणि ट्व्हर्स्की यांनी हा भास असल्याचे म्हटले. २०१८मध्ये मिलर आणि सान्हुर्हो यांनी त्या गणितातली त्रुटी दाखवली, आणि लय काही प्रमाणात खरी असावी असे आता दिसते. पण ती कुठल्या दिवशी येईल हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून तिच्या भरवशावर पाच फेऱ्यांचा बेत आखता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दुबळ्या संघाने तर योगायोगच वाढवायला हवा. ते खरेच आहे. २०१८च्या अमेरिकी महाविद्यालयीन स्पर्धेत सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीने २४पैकी १२ थ्री पॉइंटर टाकून अव्वल मानांकित व्हर्जिनियाला ७४–५४ असे हरवले. पण पुढच्याच फेरीत तो संघ ४३–५० असा हरला, आणि चेंडू जपून संथ खेळणाऱ्या व्हर्जिनियाने २०१९मध्ये विजेतेपद पटकावले. व्हर्जिनियाची २०१९ची वाटही काठावरची होती हे मान्य करायला हवे. संथ खेळामुळे ताब्यांची संख्या घटते आणि बलवान संघाचेच नुकसान होते, हा धोका त्या शैलीत आहे. म्हणून माझा आग्रह चेंडू जपण्याचा आहे, वेग कमी करण्याचा नाही.

चेंडू जपणे आणि रिबाउंडला उडी मारणे ही कामे पायांची आहेत, आणि ओळीने रोज सामने असले की पायच आधी दगा देतात. स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा पुरेशी कर्बोदके मिळाली तरी पूर्ण भरायला सुमारे २४ तास घेतो, म्हणून सामना संपताच केळी, पोहे, भात पोटात जाणे ही प्रशिक्षणाचीच बाब आहे. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी घामावाटे गेले की खेळाडूंची कौशल्ये ढासळू लागतात, आणि सिमेंटच्या उघड्या कोर्टवर दुपारी तेवढा घाम सहज जातो. स्टॅनफर्डमध्ये २०११ साली ११ महाविद्यालयीन बास्केटबॉलपटूंनी काही आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांची फ्री थ्रोची अचूकता नऊ टक्क्यांनी वाढली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा घेऊ नये. तरी दिशा पटण्याजोगी आहे, आणि परगावच्या सामायिक खोलीत रात्री एकपर्यंत गप्पा मारणाऱ्या संघाने ती जरूर मनावर घ्यावी. प्रशिक्षकाच्या हाती याहून थेट उपाय आहे: संघात १२ खेळाडू असतात. पहिल्या फेरीत वीस गुणांची आघाडी मिळाल्यावरही मुख्य पाचजणी शेवटपर्यंत कोर्टवर राहिल्या, तर वाढलेल्या फरकाचा पुढच्या फेरीत काहीच उपयोग होत नाही. त्याच दहा मिनिटांत आठवी आणि नववी खेळाडू दडपणाखाली चेंडू सांभाळायला शिकली असती, आणि तिसऱ्या दिवशी मुख्य गार्ड चार फाउलवर बसली असताना तिच्या जागी कोणाला पाठवायचे, हे प्रशिक्षकाला आधीच ठाऊक असते.