जस्ताची गोळी : किती, कशासाठी आणि किती दिवस

प्रौढ माणसाच्या शरीरात जस्ताचे एकूण प्रमाण दोन ते तीन ग्रॅमच्या आसपास असते आणि त्याचा बहुतांश भाग स्नायू व हाडे यांत सामावलेला असतो. यकृतात लोहाचा साठा होतो व गरज पडेल तसे ते वापरले जाते. जस्ताची अशी स्वतंत्र शिल्लक शरीर राखत नाही, त्यामुळे ते रोजच्या आहारातून थोडे थोडे मिळत राहावे लागते. शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकरे म्हणतात आणि त्यांपैकी तीनशेहून अधिक विकरांचे काम जस्तावाचून चालत नाही. पेशींचे विभाजन, मुलांची वाढ, जखम भरून येणे, चव आणि वास यांची जाण, रोगप्रतिकारक पेशींची घडण या साऱ्यांत त्याचा वाटा आहे. हे सर्व खरे असले, तरी त्यावरून ‘झिंक’ या नावाने औषधाच्या दुकानात मिळणारी गोळी रोज घेतल्यास प्रकृती अधिक चांगली राहील असा जो निष्कर्ष काढला जातो, आणि जो २०२० व २०२१ मधील करोनाच्या साथीत घरोघरी पोचला, तो मात्र योग्य नाही. जस्त कमी पडलेल्या शरीराला ते दिल्याने लाभ होतो. ज्याला ते पुरेसे मिळत आहे त्याला जास्त दिल्याने तो लाभ वाढत नाही.

माणसामध्ये जस्ताची उणीव असू शकते हे वैद्यकाला उमगले तेही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्याचे श्रेय प्रामुख्याने बिहारमधील बक्सर येथे जन्मलेल्या व पाटण्यात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या आनंद प्रसाद यांना जाते. १९५८ मध्ये इराणमधील शिराझ येथे त्यांच्यासमोर एकवीस वर्षांचा एक तरुण रुग्ण आला, ज्याची उंची व शारीरिक वाढ दहा वर्षांच्या मुलाइतकीच होती, यौवनाची लक्षणे उमटलेली नव्हती आणि रक्तक्षयही तीव्र होता. त्याचा आहार जवळजवळ केवळ न आंबवलेल्या पिठाच्या रोटीचा होता, शिवाय त्याला माती खाण्याची सवय होती. अशा रुग्णांविषयीचा पहिला लेख १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे इजिप्तमधील अभ्यासांत जस्त दिल्यावर अशा तरुणांची उंची वाढू लागते आणि यौवनाची लक्षणेही प्रकट होतात, हे दिसून आले.

शिराझच्या रोटीतील दोष जस्त नसण्याचा नव्हता. धान्याच्या कोंड्यात व कडधान्यांच्या सालीत फायटेट नावाचा फॉस्फरसयुक्त पदार्थ असतो. तो आतड्यात जस्ताला घट्ट बांधून ठेवतो आणि त्यामुळे अन्नात असलेले जस्तही रक्तात पोचत नाही. महाराष्ट्राच्या भाकरी-वरणाच्या जेवणालाही हे लागू पडते. भारतीय आहारातील फायटेट लक्षात घेऊनच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी रोज १७ मिलिग्रॅम आणि स्त्रीसाठी सुमारे १३ मिलिग्रॅम जस्ताची शिफारस केली. अमेरिकेत हेच आकडे अनुक्रमे ११ आणि ८ आहेत. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयोगटातील ३२ टक्के मुलामुलींच्या रक्तात जस्त कमी आढळले, म्हणजे प्रश्न काल्पनिक नाही. परंतु त्यावरील पहिला उपाय स्वयंपाकघरातच आहे. मटकी-मुगाला मोड आणणे, कडधान्य भिजवून ते पाणी टाकून देणे, अंबील, आंबोळी किंवा इडलीसाठी पीठ आंबवणे या क्रियांमध्ये फायटेटचे विघटन होते आणि त्याच धान्यातून अधिक जस्त शरीराला मिळते. तीळ आणि भोपळ्याच्या बिया यांच्या १०० ग्रॅममध्ये सात मिलिग्रॅमहून अधिक जस्त असते. मांसाहार करणाऱ्यांना मटणातून, आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर कालवांतून, ते सहज शोषले जाणाऱ्या रूपात मिळते.

गोळीचे महत्त्व निर्विवाद आहे ते मुलांच्या जुलाबात. जुलाबात आतड्यावाटे जस्त वाहून जाते आणि आतड्याचे अस्तर पुन्हा तयार होण्यासाठी तेच लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये जलसंजीवनीबरोबर दहा ते चौदा दिवस जस्त देण्याची शिफारस केली. भारतात दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि त्याहून मोठ्या बालकाला २० मिलिग्रॅम अशी चौदा दिवसांची मात्रा दिली जाते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या चौदा दिवस पूर्ण करायच्या असतात, कारण त्यांचा उपयोग केवळ चालू दुखण्यापुरता नसून पुढील दोन-तीन महिन्यांत ते पुन्हा होण्याची शक्यता कमी करण्यासाठीही आहे. नेमक्या याच ठिकाणी पालक गोळ्या अर्धवट सोडतात आणि जिथे गरज नाही तिथे मोठी माणसे त्या महिनोन्‌महिने घेत राहतात, ही परिस्थिती खरोखर खेदाची आहे.

सर्दीबाबत पुरावा दुबळा आहे. जस्ताच्या चघळायच्या गोळ्यांनी चालू सर्दीचे दिवस थोडे कमी होऊ शकतात असे काही प्रयोगांतून दिसते, पण त्याविषयी ठामपणे काही म्हणता येत नाही. सर्दी होऊच नये म्हणून रोज गोळी घेण्याला तर आधार मिळालेला नाही. करोनाच्या सौम्य रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम जस्त देऊन केलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आजाराचे दिवस कमी झाले नाहीत.

सुरक्षिततेचा विचार वेष्टनावरील आकड्यापासून सुरू होतो. गोळीत शुद्ध जस्त नसते, त्याचा क्षार असतो, आणि प्रत्येक क्षारातील जस्ताचे प्रमाण वेगळे असते. २२० मिलिग्रॅमच्या सामान्य झिंक सल्फेटात प्रत्यक्ष जस्त ५० मिलिग्रॅमच असते, तर ६१.८ मिलिग्रॅमच्या झिंक सल्फेट मोनोहायड्रेटातून २२.५ मिलिग्रॅम जस्त मिळते. वेष्टनावर ‘एलिमेंटल झिंक’ म्हणून दिलेला आकडा हाच शरीराच्या दृष्टीने खरा आकडा होय. प्रौढ व्यक्तीसाठी अन्न आणि गोळ्या मिळून दिवसाला ४० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा भारतीय परिषदेनेही मानली आहे. युरोपातील अन्नसुरक्षा संस्था तर २५ मिलिग्रॅमवरच थांबते. रोजचे जेवण, बहुजीवनसत्त्वाची कॅप्सूल, वेगळी झिंकची गोळी, व्यायामशाळेत सुचवलेली प्रथिनांची पावडर आणि वैद्यांनी दिलेले यशद भस्म, जे जस्तापासूनच बनते, यांची बेरीज सहसा कोणीच करत नाही, आणि मर्यादा ओलांडली जाते ती बहुधा अशाच नकळत.

ही मर्यादा ओलांडल्याने होणारे तात्कालिक त्रास म्हणजे मळमळ, उलटी, पोटात कळा आणि तोंडात धातूची चव. ते लगेच जाणवतात, म्हणून माणूस सावध होतो. खरा धोका मात्र महिनोन्‌महिने शांतपणे वाढणारा असतो आणि तो तांब्याशी निगडित आहे. जस्त जास्त आले की आतड्याच्या अस्तरातील पेशी मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार करतात. हे प्रथिन जस्तापेक्षाही तांब्याला अधिक घट्ट धरून ठेवते; अस्तरातील पेशी काही दिवसांतच झडत असल्याने त्यांच्यात अडकलेले तांबे मलावाटे निघून जाते आणि रक्तात पोचतच नाही. विल्सनच्या आजारात, म्हणजे यकृतात व मेंदूत तांबे साचत जाणाऱ्या आनुवंशिक विकारात, डॉक्टर हाच परिणाम औषध म्हणून वापरतात आणि प्रौढांना जेवणापासून दूर, दिवसातून तीन वेळा ५० मिलिग्रॅम जस्त देतात. निरोगी माणसाने तेवढीच मात्रा स्वतःच्या मनाने दीर्घकाळ घेतली, तर त्याच्या शरीरातील आवश्यक तांबेच कमी होत जाते. तांब्यावाचून लोहाचा योग्य वापर होत नाही, रक्तक्षय होतो, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात, आणि पुढे मज्जारज्जूवर परिणाम होऊन पायांना बधिरपणा येतो, चालताना तोल जाऊ लागतो. या रक्तक्षयाला लोहाच्या गोळ्या दिल्या, तरी मूळ कारण तसेच राहते.

गोळी घेण्याची वेळही महत्त्वाची आहे. रिकाम्या पोटी जस्ताचे शोषण अधिक होते, पण मळमळही होते; म्हणून ज्यांना ती सोसत नाही त्यांनी हलक्या खाण्यानंतर गोळी घ्यावी. लोहाची आणि जस्ताची गोळी एकाच वेळी घेतल्यास ती एकमेकांच्या शोषणात अडथळा आणतात, म्हणून दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे. सिप्रोफ्लोक्सासिन किंवा टेट्रासायक्लिन वर्गातील प्रतिजैविके चालू असताना जस्त त्यांना आतड्यातच बांधून ठेवते आणि औषध निष्प्रभ होऊ शकते. त्यामुळे प्रतिजैविक जस्ताच्या किमान दोन तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर घ्यावे लागते. नाकात घालायच्या जस्ताच्या जेलांपासून तर दूरच राहावे, कारण त्यांच्यामुळे वास घेण्याची शक्ती कायमची गेल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्ये त्यांच्याविरुद्ध इशारा दिला होता.

रक्ताच्या तपासणीवरून गरज ठरवणेही वाटते तितके सोपे नाही. शरीरात दाह किंवा संसर्ग असेल तर रक्तातील जस्त तात्पुरते यकृताकडे वळते आणि अहवालात आकडा कमी दिसतो, म्हणून केवळ त्या आकड्यावरून महिन्यांचा औषधोपचार सुरू करू नये. उलट, दीर्घकाळ जुलाब असणारे, आतड्याच्या आजाराचे, पोटाची शस्त्रक्रिया झालेले किंवा यकृताचे रुग्ण, तसेच गर्भवती स्त्रिया यांना खरी उणीव असू शकते. त्यांनी डॉक्टरांकडून मात्रा आणि मुदत दोन्ही ठरवून घ्यावीत. जी व्यक्ती आधीच अनेक महिने मोठ्या मात्रेत जस्त घेत आहे, तिने तपासणीच्या वेळी हे आवर्जून सांगावे आणि रक्तपेशींच्या मोजणीबरोबर तांबे व तांबे वाहून नेणारे सेरुलोप्लास्मिन हे प्रथिन यांचीही तपासणी करून घ्यावी. जस्त थांबवून तांबे दिल्यावर रक्तपेशी काही आठवड्यांत सावरतात, परंतु मज्जारज्जूला झालेली इजा पूर्णपणे भरून येईलच असे नाही. म्हणून पायाला आलेली बधिरता वयाच्या खात्यावर टाकण्याआधी घरात कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, हे पाहायला हवे.