प्रिंटरची हाक

एका निवृत्त शिक्षकांनी दोन प्रश्न विचारले आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा कारभार आटोपला, तेव्हा त्यांचा धडधाकट संगणक एका रात्रीत म्हातारा ठरला. सुट्टीत आलेल्या नातवाने त्यावर लिनक्स मिंट बसवलं आणि तो आपल्या गावी परतला. पुढे सरांना एक अर्ज छापायचा होता. त्यांनी कपाट उपसून प्रिंटरबरोबर आलेली सीडी शोधली, पण ती घालण्याआधी सहज म्हणून छापण्याचं बटण दाबून पाहिलं. कागद बाहेर आला! हे झालं कसं, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा, की शेजारच्यांनीही तेच लिनक्स घेतलं, त्यांचा प्रिंटर तर सरांच्या प्रिंटरपेक्षा साधा, काळ्या शाईचा. तरी आठवडाभर खटपट करून तो ढिम्म हलत नाही. असं का?

पहिल्याचं उत्तर कल्हईवाल्यापाशी आहे.

कल्हईवाला आता क्वचितच दिसतो, पण त्याची हाक चाळिशीपुढच्या वाचकांच्या कानात असेल. त्याला तुमचं घर ठाऊक नसे, तुम्हाला त्याचा पत्ता ठाऊक नसे. तो गल्लीच्या तोंडाशी येऊन हाक देई आणि ज्यांची भांडी काळवंडलेली असत ते खिडकीतून डोकावत. वायफायवरचा प्रिंटर नेमकं हेच करतो. जाळ्यात शिरला की सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक देतो: मी अमुक प्रिंटर, रंगीत छापतो, पाठपोट छापतो, पीडीएफ समजतो. उलट संगणकही विचारू शकतो, ‘इथे छापणारं कुणी आहे का?’ मग दोघांचं बोलणं सुरू होतं. कागदाचे आकार कोणते, ट्रे किती, बारकावा किती. सीडीत जे कोंबून दिलेलं असे ते सगळं प्रिंटर आता तोंडी सांगतो. या बोलण्याच्या भाषेचं नाव आयपीपी, म्हणजे इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल.

ही हाक गल्लीपुरतीच असते, राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. तिची रीत बसवण्यात ॲपलच्या स्टुअर्ट चेशायर यांचा मोठा वाटा. ॲपलने तिला ‘बाँजूर’ हे फ्रेंच नमस्काराचं नाव दिलं, तर लिनक्सवर तेच काम करणाऱ्या प्रोग्रामचं नाव आहे ‘अवाही’. मादागास्करच्या जंगलात लोकरीसारख्या केसांचा एक लेमूर राहतो, त्याचं हे नाव. प्रिंटरचा आणि लेमूरचा संबंध काय, असं मात्र विचारू नका. प्रिंटर वायरीने जोडलेला असला तरी अडत नाही. ‘आयपीपी-यूएसबी’ नावाचा एक चिमुकला प्रोग्राम त्या वायरीलाच गल्ली बनवतो.

मग हे आधीच का नाही सुचलं? त्यासाठी थोडी आकडेमोड. एका इंचात ६०० ठिपके छापणाऱ्या यंत्राला ए-४ कागदावर सुमारे साडेतीन कोटी जागा असतात आणि प्रत्येक जागी शाई द्यायची की नाही हे ठरवावं लागतं. ठरवायचं कुणी? संगणकाने की प्रिंटरने? छपाईचा निम्मा इतिहास या एका वादात आहे.

१९८५ साली ॲपलने लेझररायटर आणला तेव्हा निकाल प्रिंटरच्या बाजूने लागला. ॲडोबीच्या जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी रचलेली पोस्टस्क्रिप्ट ही भाषा त्याला येत होती. संगणकाने फक्त सांगायचं, ‘इथून तिथवर रेघ ओढ, इथे या मापाचं अक्षर ठेव’. ठिपके पाडायची डोकेफोड प्रिंटरची. त्यासाठी त्याच्या पोटात १२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि दीड मेगाबाइट मेमरी होती. ज्या मॅकिंटॉशला तो जोडायचा, त्याचा प्रोसेसर त्याच जातीचा पण ८ मेगाहर्ट्झच्या आतला आणि मेमरी अर्धा मेगाबाइट. चाकर धन्यापेक्षा हुशार! किंमतही तशीच होती, ६,९९५ डॉलर.

एवढं महागडं डोकं घराघरात कोण घेणार? नव्वदच्या दशकात उत्पादकांनी ते काढूनच टाकलं. ठिपके विंडोजने पाडायचे, प्रिंटरने फक्त उमटवायचे. यंत्र स्वस्त झालं, पण प्रत्येक कंपनीने ठिपके पाठवण्याची आपापली सांकेतिक बोली ठरवली आणि ती कुणाला सांगितली नाही. ती जाणणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. तो सीडीत बसून यायचा आणि त्याला विंडोजपलीकडचं जग ठाऊक नसायचं. लिनक्सवाले यातल्या कित्येक बोली तारेवरचं बोलणं चोरून ऐकून शिकले. काही शिकायच्या राहूनच गेल्या. शेजाऱ्यांचा प्रिंटर बहुधा त्याच कुळातला आहे. तो साधा दिसतो याचं कारण त्याला डोकं नाही, आणि म्हणूनच तो अडून बसतो.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या जन्मकथेत प्रिंटर आहे. १९८०च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करत. प्रिंटर वेगळ्या मजल्यावर. जिना चढून जावं तर कागद तासाभरापूर्वीच अडकलेला. स्टॉलमननी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये भर घातली होती: कागद अडकला की छपाईसाठी खोळंबलेल्या प्रत्येकाला निरोप जाई. कुणीतरी उठून कागद सोडवून येई. मग झेरॉक्सचा नवा, वेगवान लेझर प्रिंटर आला. तोही अडकायचाच, पण त्याचा मूळ प्रोग्राम, सोर्स कोड, कंपनीने दिला नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो आहे असं कळल्यावर स्टॉलमन तिथे जाऊन थडकले. संशोधकाने नकार दिला. कुणाला न देण्याच्या करारावर त्याची सही होती. स्टॉलमन एक शब्द न बोलता परत फिरले आणि १९८३ साली त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली.

गोष्ट खरी आहे, स्टॉलमननी स्वतः अनेकदा सांगितलेली. पण न्यूटनच्या सफरचंदासारखी तिची गत झाली आहे. त्याच काळात प्रयोगशाळेतली अर्धीअधिक मंडळी लिस्प संगणक विकणाऱ्या कंपन्यांत निघून गेली होती. जिवाभावाची वस्ती उठल्याचं ते दुःख प्रिंटरच्या दुःखापेक्षा कमी नव्हतं. प्रिंटर फक्त सांगायला सोपा.

या गोष्टीबद्दलची माझी खरी कुरकूर निराळी आहे. तिने सगळा उजेड स्टॉलमनवर टाकला आणि लिनक्सवर प्रत्यक्ष छापणं ज्याने जमवून दिलं तो मायकेल स्वीट अंधारातच राहिला. त्याच्याआधी, लिनक्स ज्याच्या धर्तीवर घडलं त्या युनिक्सच्या दोन घराण्यांत छपाईच्या दोन रीती होत्या, दोन्ही अख्खी ओळ एकदम छापणाऱ्या लाइन प्रिंटरच्या काळातल्या. तेव्हाचा एक इरसाल अवशेष लिनक्सच्या गाभ्यात अजून आहे. समांतर पोर्टवरचा प्रिंटर ‘बिघाड’ म्हणतो, पण कागद संपलेला नाही आणि यंत्र बंदही नाही. अशा वेळी लिनक्स जाहीर करतो की प्रिंटरला आग लागली आहे!

स्वीटने १९९७ साली ‘कप्स’ लिहायला घेतलं. दोन्ही घराण्यांच्या आज्ञा त्याने मान्य केल्या आणि आतून भाषा नवी, आयपीपी, धरली. २००२ साली ॲपलने आपल्या मॅकसाठी कप्स उचललं, २००७ साली स्वीटलाच नोकरीवर घेतलं. २०१०मध्ये आयफोन-आयपॅडवरून छापायची वेळ आली तेव्हा अडचण उभी राहिली. हजारो प्रिंटरांचे हजारो दुभाषी फोनमध्ये कुठे बसवणार? म्हणून ठरलं, की प्रिंटरनेच सामाईक भाषा शिकावी. त्या सोयीचं नाव एअरप्रिंट. २०१३ साली त्याचंच जणू जुळं भावंड, आयपीपी एव्हरीव्हेअर हे सर्वांसाठी खुलं प्रमाण आलं. ते लिहिणाऱ्यांत पुन्हा स्वीट होताच. २०१९च्या अखेरीस त्याने ॲपल सोडलं आणि पुढच्याच वर्षी लिनक्सकडचं कप्स टिल काम्पेटर यांच्या ओपनप्रिंटिंग गटाच्या छत्राखाली गेलं. लिनक्सवाल्यांच्या वीस वर्षांच्या विनवण्यांना न बधलेले उत्पादक आयफोनच्या गिऱ्हाइकापुढे मुकाट वाकले. सरांच्या सीडीची गरज संपली ती अशी.

हाकेवर विश्वास ठेवण्यात धोका आहे, हेही खरं. सप्टेंबर २०२४मध्ये सिमोने मार्गारितेल्ली या इटालियन संशोधकाने कप्सच्या एका साथीदारातलं भगदाड दाखवलं. तपशील येण्याआधीच दहापैकी ९.९ गंभीर असा गवगवा झाला आणि जगातले सगळे लिनक्स संगणक उघडे पडल्यागत मथळे झळकले. प्रकार असा होता: गल्लीत खुर्ची टाकून बसलेले एक आजोबा जुन्या सवयीने गल्लीबाहेरच्या हाकाही ऐकत आणि हाक देणाऱ्याचं नाव न तपासता वहीत टिपून घेत. तोतया कल्हईवाला असा वहीत शिरू शकत होता. पण घरात काही घडायला कुणीतरी त्याच्या हाती भांडं द्यावं लागे, म्हणजे त्या खोट्या प्रिंटरवर छापायला पाठवावं लागे. घरच्या राउटरमागे बसलेल्यापर्यंत बाहेरची हाक सहसा पोचतही नव्हती. रेड हॅटने या दोषांना ‘महत्त्वाचे’ म्हटलं, ‘अतिगंभीर’ म्हटलं नाही. दुरुस्ती आवश्यकच होती आणि ती झाली. अपडेट घेतलेल्यांनी निर्धास्त छापावं.

सरांनी पत्रात आणखी एक नवल नोंदवलं आहे: अर्ज मराठीत होता आणि जोडाक्षर एकही फुटलं नाही. प्रिंटरला मराठी येते का? अजिबात नाही. अक्षरांची जुळणी संगणकातच होते. ते काम करणाऱ्या प्रोग्रामचं नाव हार्फबझ, मूळ फारसी. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलं. जुळलेली अक्षरं आकार होऊन पीडीएफमध्ये बसतात आणि प्रिंटर बिचारा आकार उमटवतो. ‘क्ष’ काय आणि नकाशा काय, त्याला सारखेच.

राहिले शेजारी. त्यांनी ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’, मग एक अपूर्णविराम आणि ६३१ हा आकडा इंग्रजीत टाकावा. कप्सचं दार उघडेल. तिथे प्रिंटर जोडताना आपलं मॉडेल यादीत सापडलं तर उत्तम. नसलं तर कंपनीच्या संकेतस्थळावर लिनक्सचा दुभाषी मिळतो का पाहावं. तोही नसेल तर ज्याच्याकडे विंडोज आहे अशा भाच्याला तो प्रिंटर देऊन टाकावा. नवा घेताना दुकानदाराला ‘लिनक्सवर चालेल का’ असं विचारू नये, तो गोंधळेल. खोक्यावर एअरप्रिंट लिहिलंय का तेवढं बघावं. घरात ॲपलची एकही वस्तू नसली तरी चालेल, आणि स्टॉलमन ऐकत नसतील याची खात्री करून घ्यावी.