बारा सिगारांची पेटी

मी विडीकाडी ओढणारा माणूस नव्हे. विद्यार्थिदशेत हॉस्टेलच्या गच्चीवर एका मित्राच्या आग्रहाने सिगारेटचा एक झुरका घेतला आणि खोकून खोकून डोळ्यांत पाणी आले, एवढाच काय तो माझा या क्षेत्रातला अधिकार. असे असूनही माझ्या पुस्तकांच्या कपाटात शब्दकोशाशेजारी गेली दोन वर्षे एक गुळगुळीत लाकडी पेटी विराजमान झालेली आहे. घरी येणाऱ्यांना ती दागिन्यांची वाटते. 'प्राध्यापकाच्या घरी एवढे दागिने?' हा प्रश्न मग त्यांच्या चेहऱ्यावर उमटतो, आणि मला खुलासा करावा लागतो की ती सिगार ठेवायची पेटी आहे. इंग्रजीत तिला ह्युमिडॉर म्हणतात. मराठीत तिला शब्द नाही. मी 'आर्द्रपेटी' असा एक घडवून पाहिला. पण आमच्या सौभाग्यवतींनी तो ऐकून असे काही तोंड केले की मी तो तिथल्या तिथे मागे घेतला.

पेटी मामांची. मामा तीस वर्षे व्यापारी बोटींवर होते, चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. दर रविवारी जेवण झाल्यावर एक सिगार, हा त्यांचा नेम. मग हृदयविकाराचा झटका आला, बायपास झाली, आणि डॉक्टरांनी तंबाखूचे नाव काढायचे नाही म्हणून बजावले. त्या वर्षीच्या भाऊबीजेला ते नेहमीप्रमाणे दादरहून पुण्याला आमच्याकडे आले ते ही पेटी पिशवीत घालून.

"अरे, घरात राहिली तर मी ओढीन," ते म्हणाले. "टाकून द्यायला हात होत नाही. तू ओढत नाहीस, म्हणून तुझ्याकडे. आत बारा आहेत. जप."

"विष जपायला माझाच मुलगा सापडला का रे तुला?" आई कडाडली. मामा त्यांच्या ताईपुढे काही बोलले नाहीत. पेटी मात्र राहिली.

जपायचे म्हणजे काय करायचे, हे मला कुठे ठाऊक होते? सिगार म्हणजे नुसती पानेच. आत भरणाची पाने, त्यांना बांधून ठेवणारे एक पान आणि वरून सुबक गुंडाळलेले एक. आपला 'चिरूट' हा शब्दही तमिळमधल्या 'सुरुट्टु'पासून, म्हणजे गुंडाळीवरूनच आलेला आहे. तिरुचिरापल्लीचे चिरूट तर एके काळी इंग्लंडात इतके माहीत होते की शेरलॉक होम्स आपल्या पहिल्याच कादंबरीत त्यांची राख ओळखून दाखवतो. पण हे झाले मास्तरकीचे विषयांतर. मुद्दा असा की पान वाळल्यावरही हवेतला ओलावा घेत आणि सोडीत राहते. हवा कोरडी झाली की वरचे पान तडकते, सुगंधी तेले उडून जातात आणि सिगार भराभरा, कडक जळतो. ओलावा जास्त झाला की तो फुगतो, धड ओढला जात नाही, पुन्हा पुन्हा विझतो आणि शेवटी त्याच्यावर बुरशी चढते. म्हणून पेटीतल्या हवेची आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांच्या आत आणि उष्णता 18 ते 20 अंशांच्या आसपास असावी, असे जाणकार सांगतात. हवाना ज्या क्युबात आहे तिथली हवाच दमट. तिथून निघालेल्या पानाला परमुलखात आपली हवा बरोबर घेऊन जावी लागते. ती हवा सांभाळायची म्हणून ही पेटी.

आतले लाकूड बहुधा 'स्पॅनिश सीडर' असते. गंमत अशी की हे झाड स्पेनचे नाही आणि सीडरही नाही. ते मध्य व दक्षिण अमेरिकेतले, आणि कूळ म्हणाल तर आपल्या कडुनिंबाचे! आपल्याकडचा तूण वृक्षही याच घराण्यातला. जुने वनस्पतिशास्त्रज्ञ या दोघांना एकाच वंशात घालीत आणि तुणीच्याही सिगारपेट्या होत. हे लाकूड ओलावा पितं आणि बेताने परत देतं, त्याचा वास तंबाखूशी जुळतो, आणि तो किडीला फारसा मानवत नाही. म्हणून पेटीला बाहेरून हवे तेवढे पॉलिश करावे. आतले लाकूड उघडेच ठेवावे.

हे शहाणपण मला नंतर आले. आधी काय झाले ते सांगतो.

वैशाखातल्या एका दुपारी पेटी उघडून पाहिली तर काटा 52 वर. पुण्याची हवा त्या दिवसांत पापडासारखी कोरडी असते. मी घाबरलो. झाकणातला स्पंज नळाच्या पाण्याने चिंब भिजवला, वर एका वाटीत पाणी भरून तीही आत ठेवली आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत बुडून गेलो. उत्तरपत्रिका संपल्या, पाऊस सुरू झाला, आषाढ आला. एके संध्याकाळी शब्दकोश काढताना पेटीवर हात पडला. झाकण उघडताच चातुर्मासात बंद ठेवलेल्या खोलीसारखा वास आला. तीन सिगारांवर निळसर हिरवी लव उगवली होती.

मी पेटी घेऊन स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा माझ्या मनात आलेला विचार लपवून ठेवीत नाही. वाटले, बरेच झाले! बाराच्या बारा कुजू देत. मामांना सांगता येईल की पावसाने घात केला. मोहही गेला आणि पापही आपल्या माथी नाही. आपण जे इतके जपतो आहोत ते एखाद्या रविवारी मामांचा जीव घेणारे असेल, तर ही जपणूक कसली?

आईने पेटी हातात घेतली, वास घेतला, आणि म्हणाली, "किती पाणी घातलंस रे? तुझ्या आजीच्या पानाच्या डब्यातलं फडकं आठवतं का? ओलं असायचं, निथळतं नसायचं. नासलेलं पान ती रोज निवडून काढायची, नाहीतर एकामुळे सगळी चवड जाते." आजी विड्याची पाने रोज उलटीपालटी करीत असे, हे मलाही आठवले. आईने तीन सिगार कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाकले. मी आशेने पाहत होतो. उरलेल्या नवांवर तिने उजेडात एकेक करून नजर फिरवली, कोरड्या फडक्याने पुसले, आणि म्हणाली, "हे बरे आहेत. त्याने विश्वासाने दिलेत."

त्यानंतर मी हा विषय परीक्षेसारखा केला. पेटी स्पिरिटने पुसून, वाळवून, उघडी ठेवली. नळाचे पाणी बंद. त्यातले क्षार स्पंजची भोके बुजवतात. औषधाच्या दुकानातून डिस्टिल्ड पाणी आणले. लाकूड पार कोरडे झाले असेल, किंवा पेटी नवी असेल, तर सिगार ठेवण्यापूर्वी आत नुसती पाण्याची बशी ठेवून आठदहा दिवस लाकडाची तहान भागवावी. नाहीतर ते सिगारांतलेच पाणी पिते. काट्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यावे, ते ओलसर होईल इतकेच पाणी घालावे, आणि काट्याबरोबर घट्ट पिशवीत रात्रभर ठेवावे. मिठाच्या दाट ओलाव्यावरची हवा 75 टक्क्यांवर स्थिर राहते. माझा काटा 67 दाखवीत होता! म्हणजे वैशाखातले 52 खरे 60 होते. एवढ्या घाबरण्याचे काही कारणच नव्हते. आता मी स्पंज काढून टाकला आहे. याच तत्त्वावर केलेल्या क्षारद्रावाच्या पुड्या मिळतात. त्या हवा कोरडी असेल तर ओलावा देतात, दमट असेल तर शोषून घेतात. आपल्या पावसाळ्यात हा दुसरा गुण अधिक मोलाचा.

माझी ही कीर्ती ऐकून एका सहकाऱ्याने आपल्या सासऱ्यांसाठी पेटी कशी निवडावी म्हणून विचारले. मी म्हटले, नक्षी पाहू नका, झाकण पाहा. चांगले झाकण सोडून दिले तर धाडकन आपटत नाही. आतल्या हवेवर टेकत सावकाश बसते. अंधाऱ्या खोलीत पेटवलेली बॅटरी आत ठेवून झाकण लावावे. कडेने उजेडाची रेघ दिसली तर पेटी दुकानदाराला परत. कारखानदार 50 सिगार मावतात म्हणतो तेव्हा 35 धरावेत. आणि खर्च करायचा नसेल, तर घट्ट झाकणाच्या डब्यात त्या लाकडाच्या दोन पट्ट्या आणि एक पुडी ठेवली तरी काम तेच होते. हे ऐकून ते जरा हिरमुसले. पेटीत पेटीपेक्षा मिरवणेच जास्त असते, त्याला इलाज नाही. 1961 साली मिल्टन बर्ल या विनोदी नटाने राष्ट्राध्यक्ष केनेडींना भेट दिलेली पेटी 1996 च्या लिलावात 5,74,500 डॉलरना गेली; आणि तिच्यावरच्या पट्टीत आरोग्य व धूम्रपान या दोहोंसाठी एकदमच शुभेच्छा होत्या!

एक धास्ती उन्हाळ्याची. उष्णता पंचविशीच्या वर जाऊ लागली की पानांतली किडीची अंडी उबतात आणि सिगारला टाचणीएवढी भोके पडतात. हा तपकिरी भुंगेरा परका नाही. घरातल्या हळकुंडांना आणि मिरच्यांना लागतो तोच. उपाय एकच. सिगार पिशवीत बंद करून तीन दिवस फ्रीजरमध्ये, मग एक दिवस खाली फ्रीजमध्ये, मग बाहेर. सौभाग्यवतींनी परवानगी दिली, पण पिशवीवर 'खाऊ नये' अशी चिठ्ठी लावून.

गेल्या भाऊबीजेला मामा आले. चहा होण्यापूर्वीच त्यांनी पेटी मागितली. झाकण उचलून आधी काटा पाहिला, मग बोटाने मोजले.

"नऊ?"

मी सगळे सांगितले. नळाचे पाणी, वाटी, आषाढ, सगळे. फक्त स्वयंपाकघरातला विचार सांगितला नाही. मामांनी एक सिगार उचलला, कानाशी नेऊन बोटांत हलकेच फिरवला, नाकाखाली धरला. बराच वेळ धरला. मी काडेपेटी देवघरात आहे ना, याचा विचार करीत होतो. आई ताम्हन घेऊन दारात उभी होती.

"वर्ष झालं," मामा म्हणाले. "पण वास तसाच आहे रे." मग त्यांनी तो सिगार खालच्या थरात ठेवला, खालचे वर घेतले, आणि झाकण सोडून दिले. ते सावकाश बसले.

"पावसात फार उघडत जाऊ नकोस," ते मला म्हणाले.

"झालं ना मोजून?" आईने निरांजनाची वात सारली. "मग आता पाटावर बस."