टाचणीखालची चिठ्ठी

वस्तुसंग्रहालयात गेलेला पाहुणा काचेखालची रंगीत फुलपाखरे पाहतो आणि समाधानाने घरी जातो. त्या दालनाच्या कडेला एक बंद दार असते आणि खरा संग्रह त्या दारामागे असतो, याची त्याला दाद नसते. ऑक्सफर्डचेच पाहा. रेव्हरंड होप यांनी १८४९ साली आपला कीटकसंग्रह त्या विद्यापीठास दिला. तेथील लक्षावधी कीटकांपैकी प्रेक्षकांपुढे मांडलेले अगदी थोडे. बाकीचे सारे खणांत. आमच्या विद्यापीठातला संग्रह त्यामानाने गरीब. पण दारामागचे काम सगळीकडे सारखेच.

वाळलेला कीटक भाजलेल्या पापडासारखा असतो. हात लावला की पाय तुटला. म्हणून आम्ही तो आधी ओलसर डब्यात एक-दोन दिवस ठेवतो. सांधे सैल झाले म्हणजे टाचणी. भुंगेरा असेल तर ती उजव्या कवचपंखातूनच जावयाची, म्हणजे निदान डावी बाजू अभ्यासाला अभंग राहते. चिलटाएवढ्या जीवाला टाचणी कुठली सोसणार? त्याला पुठ्ठ्याच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकावर डिंकाचा ठिपका देऊन चिकटवावयाचे. मग त्याच टाचणीत, कीटकाच्या खाली, बोटाच्या पेराएवढी चिठ्ठी ओवावयाची: कोठे सापडला, केव्हा, कोणी पकडला.

आमच्या कामातला मोठा शत्रू हा कीटकच आहे, ही मौज श्रोत्यांना सांगितलीच पाहिजे. एका बारीक भुंगेऱ्याची केसाळ अळी मेलेल्या कीटकांवरच जगते. पूर्वी तिच्यासाठी, घरोघरी शालूंच्या ट्रंकेत ठेवतात तशा, डांबराच्या गोळ्या ठेवीत. त्यांची वाफ काम करणाऱ्यांनाही बाधते, म्हणून आता नवे नमुने पिशवीत बंद करून काही दिवस कडक थंडीत गोठवतात. एका पावसाळ्यात आमच्याकडे एक खण नीट बसला नव्हता. दिवाळीनंतर उघडला तेव्हा टाचण्या उभ्या, चिठ्ठ्या शाबूत, आणि कीटकांच्या जागी तपकिरी भुकटी! चूक आमचीच होती.

तरीही, दुसऱ्या एका खणात आम्हांला जे आढळले ते आम्ही अधिक मोठे नुकसान समजतो. तेथे फुलपाखरे सुरेख होती, चिठ्ठ्या मात्र कोणीतरी 'खण सुंदर दिसावा' म्हणून काढून टाकल्या होत्या. पहिल्या खणावरून अमक्या गावी अमक्या साली काय होते एवढे तरी कळते. दुसरा भिंतीवर लावण्याच्या कामाचा!

चिठ्ठी काय करू शकते याचे उदाहरण ऑक्सफर्डलाच आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५८ साली मोलुकास बेटांपैकी बाचान बेटावर एक प्रचंड मधमाशी मिळविली. पंख पसरले तर सुमारे ६ सेंटिमीटर भरावी एवढी. १८६० साली तिला शास्त्रीय नाव मिळाले. ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीचे वर्णन प्रथम होते त्याला प्ररूप म्हणतात. त्या जातीविषयी वाद निघाला की अखेर त्याच्याकडेच यावे लागते. या माशीचे प्ररूप ऑक्सफर्डच्या खणात आहे.

पुढे शंभराहून अधिक वर्षे ही माशी शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडली नाही. ती नष्ट झाली असेच पुष्कळांना वाटे. परंतु ती कोठली हे लिहिलेले होते, आणि १८५८ मधल्या त्या बेटाचे नाव बदलले नव्हते. १९८१ साली अ‍ॅडम मेसर या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाला ती बाचानवर आणि आसपासच्या बेटांवर सापडली. झाडांवरच्या वाळवीच्या वारुळांत ती घर करते, हेही तेव्हा कळले. २०१९ साली त्याच बेटसमूहात तिचे जिवंतपणीचे पहिले छायाचित्र निघाले. तीही वाळवीच्या वारुळातच होती, जमिनीपासून फार उंचावर नव्हे.