गुणगुणते, पण फिरत नाही



मी कला शाखेची पदवीधर. विजेच्या यंत्रांविषयी लिहिण्याचा माझा अधिकार तो कितीसा! तरीही गतवर्षीच्या पावसाळ्यात नवागामात आमच्या शेजारी जे घडले, त्यातून मला उमगले ते तुम्हांस सांगावेसे वाटते. कारण असे यंत्र आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे.

आमचे शेजारी मूळचे खानदेशचे. वडील यंत्रमागाच्या खात्यात कामास जातात. आई घरी बसून साड्यांना लेस लावते. कपडे पिळण्याचा वेळ वाचला तर दोन साड्या अधिक होतात, म्हणून पैसा पैसा साठवून त्यांनी दोन टबांचे वॉशिंग मशीन घेतले होते. एके सायंकाळी त्याचा ड्रायर ‘हूंऽ’ असा आवाज करीत राहिला, पण तसूभरही फिरेना. ड्रायरचे झाकण उघडले म्हणजे वीज तुटते व ब्रेक लागतो. त्यांच्या आठवीतल्या मुलाने झाकणाच्या खाचेत चमचा खोवून ही सोय निकामी केली आणि आत हात घालून तो टब ढकलण्याच्या बेतात होता. मी धावत जाऊन बटण बंद केले व प्लग काढला. मुलगा म्हणाला, “बाई, अडलेल्या पंख्याला काठीने ढकलले की तो फिरू लागतो. तसेच करीत होतो.”

मुलाचा तर्क चुकीचा नव्हता. आणि म्हणूनच तो धोक्याचा होता. हे कसे, ते पाहू.

आमच्या मडगावच्या घरी आईचे पायांनी चालवावयाचे शिवणयंत्र होते. त्याचे पायडल केवळ वरखाली होते. ते नेमके टोकाच्या जागी थांबले असेल, तर कितीही दाबले तरी चाक फिरत नाही. म्हणून आई प्रथम हाताने चाकास झोका देई. एकदा गती मिळाली की पुढचे काम पाय करीत. घरच्या विजेचे असेच आहे. आपल्याकडे वीज सेकंदास ५० आवर्तने करते. तिच्यामुळे मोटारीतील चुंबकीय बल वाढते, ओसरते व उलटते, पण ते एकाच रेषेत. प्रत्येक आवर्तनात लोखंड दोनदा ओढले जाते, म्हणजे सेकंदास १०० वेळा. तोच तो ‘हूंऽ’ आवाज. बल आहे, पण कोणत्या दिशेने फिरावयाचे, हे सांगणारा झोका नाही.

चुंबकीय बलालाच फिरते कसे ठेवावे, हे १८८८ साली इटलीतील गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत काम करणारे निकोला टेस्ला या दोघांनी स्वतंत्रपणे जगापुढे मांडले. एकामागून एक येणारे प्रवाह निरनिराळ्या वेटोळ्यांतून सोडले म्हणजे चुंबकीय बल गोल फिरते, आणि त्यामागोमाग मोटार फिरते. कारखान्यातील मोठ्या मोटारींस असे तीन प्रवाह मिळतात. त्यांनाच तीन फेज म्हणतात. शेजारच्या काकांनी हे ऐकताच मान डोलावली. “थांबलेल्या मोटारीचा एक फेज गेला, की आमच्या खात्यातही ती अशीच गुरगुरते,” ते म्हणाले.

घरी मात्र फेज एकच. म्हणून मोटारीत दुसरे वेटोळे बसवितात व त्याला कपॅसिटर जोडतात. मिस्त्री यालाच कंडेन्सर म्हणतात. तो दुसऱ्या वेटोळ्यातील प्रवाह पहिल्याच्या थोडा पुढे नेतो. आईच्या हाताचा झोका तो हाच! कपॅसिटर निकामी झाला की झोका नाहीसा होतो, उरते ती गुणगुण. अशा वेळी हाताने ढकलल्यास टब खरोखरच फिरू लागेल. पण मग तो मिनिटाला हजाराहून अधिक फेऱ्यांचा वेग घेईल, आणि ओल्या कपड्यांत गुंतलेली बोटे सोडविण्यास क्षणही मिळणार नाही. शिवाय अडलेली मोटार नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्रवाह ओढते व तापून जळते. म्हणून गुणगुण ऐकताच प्रथम प्लग काढावा.

त्यानंतरचा प्रश्न एकच: टब अडला आहे, की त्याला झोका मिळत नाही? प्लग काढलेला आहे याची खात्री करून काकांनी तोच चमचा पुन्हा खाचेत बसविला, म्हणजे ब्रेक सुटला. आणि टब हाताने फिरवून पाहिला. टब जड लागला असता, तर टबाखाली रुमाल वा मोजा अडकला आहे, ब्रेक सुटत नाही किंवा बेअरिंग गंजले आहे, असे समजावयाचे. तो हलका फिरला. म्हणजे संशय प्रथम कपॅसिटरवर. पूर्ण स्वयंचलित यंत्रात मात्र आणखी एक शक्यता असते: पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपात नाणे वा बटण अडकून पंपच गुणगुणत असतो, आणि पाणी आत साचले असता यंत्र कपडे पिळावयास घेत नाही.

कपॅसिटरला मात्र आपण हात लावावयाचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते, आणि तिचा झटका जबर बसतो. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. जुन्या कपॅसिटरवर मायक्रोफॅरडचा जो आकडा छापला होता, तोच पाहून त्याने नवा बसविला. नव्या मोटारीच्या मानाने खर्च अगदी थोडा आला. यंत्र आता भंगारात जाणार, या काळजीने रात्रभर न झोपलेल्या त्या माउलीने दुपारी पुन्हा साडी हाती घेतली.

मुलाने वहीच्या पानावर तीन ओळी लिहून यंत्राच्या वरच्या भिंतीस चिकटविल्या आहेत. त्या अजून तेथे आहेत:

आधी प्लग काढा.
मग टब अडला आहे का ते पाहा.
मग मिस्त्रीस बोलवा.