गोल्फचा फटका आणि कंबरेचे दुखणे

गोल्फ हा पैसेवाल्यांचा निवांत खेळ, त्यात धावपळ नाही, म्हणून दुखापतही नाही, असा आपल्याकडे समज आहे. येरवडा किंवा चेंबूरच्या मैदानावर पन्नाशीनंतर हा खेळ शिकू लागणारे बरेचजण याच समजुतीने काठी हाती घेतात. एका पूर्ण फेरीत सहा-सात किलोमीटर चालणे होते. रक्तदाब, मधुमेह असणाऱ्यांना ते हितकारकच आहे. परंतु अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून माझा या मंडळींशी संबंध येतो तो कंबरदुखीमुळे. हौशी गोल्फपटूंची सर्वात नेहमीची तक्रार हीच. 'चेंडू लांब जात नाही' आणि 'कंबर धरते' ही दोन्ही गाऱ्हाणी पुष्कळदा एकाच माणसाची असतात आणि दोहोंचे मूळही एकच असते.

जोर कोठून येतो?

चेंडूचे वजन जेमतेम ४६ ग्रॅम. तो लांब धाडायला दंडाची ताकद लागत नाही. लागते ती शरीराची पिळवण. उजव्या हाताने खेळणारा काठी मागे नेतो तेव्हा भार उजव्या पायावर जातो व खांदे उजवीकडे वळतात. फटका मारताना आधी ओटीपोटाचा भाग डावीकडे वळतो, मग छाती, मग हात आणि शेवटी काठी. आसूड ओढताना जोर मुठीकडून टोकाकडे जातो, तसेच हे आहे.

आता शरीराची रचना पाहू. खुब्याचा सांधा उखळीतल्या गोळ्यासारखा असल्याने चांगला फिरतो. छातीमागचे मणकेही बऱ्यापैकी वळतात. कंबरेचे पाच मणके मात्र वाकण्यासाठी आहेत, पिळण्यासाठी नव्हेत. पाचही मिळून एका बाजूला साधारण दहा-पंधरा अंशच वळतात. वर्षानुवर्षे खुर्चीत बसून खुबे आखडले की वळण्याचे काम कंबरेवर येते. मग फटकाही तोकडा पडतो आणि मणक्यांमधल्या चकतीवर ताण येतो. टायगर वूड्ससारख्या खेळाडूच्याही पाठीवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. २०१७ साली त्याच्या कंबरेचे मणके जोडावे लागले. त्यानंतर २०१९ साली त्याने मास्टर्स स्पर्धा जिंकली, पण इतका त्रास कोणी ओढवून घेऊ नये.

उपाय काय?

खुर्चीत ताठ बसा. गुडघा जागेवर ठेवून पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. खुबा आत वळेल. दोन्ही बाजू ताडून पाहा. डावा खुबा कमी वळत असेल, तर उभे राहताना डावा चवडा थोडा बाहेरच्या दिशेला ठेवा. काठी मागे नेताना डावी टाच किंचित उचलली तरी चालते. या दोन लहान बदलांनी कंबरेवरचा पीळ कमी होतो.

खेळण्यापूर्वी दहा मिनिटे अंग मोकळे करा. आधी भरभर चाला, मग काठी खांद्यांवर आडवी धरून सावकाश दोन्हीकडे वळा. सुरुवातीला अर्धेच फटके मारा. सरावाला गेल्यावर शंभर चेंडूंची टोपली एका दमात संपवू नका. ७२ फटक्यांच्या मैदानावर ३६ फटके होलाजवळच्या हिरवळीवरचे धरलेले असतात. उरलेले ३६ चार तासांत विखुरलेले असतात. शंभर पूर्ण फटके तासाभरात मारणे ही शरीराला शिक्षाच आहे.

काठी आवळून धरणाऱ्यांच्या कोपराची आतली बाजू दुखू लागते. याला 'गोल्फर्स एल्बो' म्हणतात. काठी जमिनीवर आपटल्यानेही हे होते. गोल्फचे नाव ऐकून घाबरू नये. सुतार आणि रंगारी यांनाही हे दुखणे जडते.

पटिंग : शांतपणाचे काम

हिरवळीवर चेंडू हलकेच होलाकडे ढकलायचा, याला पटिंग म्हणतात. येथे जोर नको, स्थिरता हवी. कंबरेतून पोक काढून वाकू नका. पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाका व गुडघे सैल सोडा. डोळे चेंडूच्या वर असावेत. हात खांद्यांपासून लोंबू द्या आणि घड्याळाच्या लंबकाप्रमाणे खांदेच हलवा, मनगटे नकोत. पिकलेले केळे साल न फुटता धरावे, इतपतच पकड हवी. चेंडू गेल्यावरही क्षणभर मान वर करू नका.

याचा सराव घरी सतरंजीवर होतो. होलाचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. पाण्याचा पेला आडवा ठेवून तीन फुटांवरून चेंडू आत घालवा. त्या लहान तोंडाची सवय झाली की मैदानावरचा होल मोठा वाटतो. दर पाच मिनिटांनी ताठ उभे राहून पाठ हलकेच मागे ताणा.

केव्हा थांबावे?

खेळल्यावर स्नायू एक-दोन दिवस दुखले तर काळजी नाही. पण कळ नितंबातून पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद कमी होणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा बैठकीचा भाग बधिर होणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा. छातीत दुखून घाम आला तर तो स्नायूंचा ताण समजून अंगावर काढू नका.

गोल्फ हा सत्तरीतही खेळता येणारा खेळ आहे. तोवर तो टिकवायचा असेल, तर रोज दहा मिनिटे खुब्यांसाठी काढा. नवी महाग काठी घेण्याआधी हे करून पाहावे, असे माझे सांगणे आहे.