ट्रक आपला, नंबर कंपनीचा

अमेरिकेत स्वतःचा ट्रक घेऊन तो एखाद्या मालवाहतूक कंपनीकडे कराराने लावणारे हजारो चालक-मालक आहेत. त्यांच्यातल्या अनेकांची अशी ठाम समजूत असते की, गाडी माझ्या नावावर आहे म्हणजे परिवहन खात्याचा डीओटी नंबर आणि आंतरराज्य वाहतुकीचा एमसी परवानाही मलाच काढावा लागणार. नोंदणी करून देणारे एजंट या समजुतीवर पैसे कमावतात, आणि हा भुर्दंड बहुतेकदा विनाकारण पडतो. गाडीचा मालक कोण यापेक्षा माल कोणाच्या परवान्यावर चालला आहे, याला फेडरल नियमांत जास्त महत्त्व आहे. नियमावलीच्या भाग 376 प्रमाणे करार लेखी लागतो आणि त्याच्या मुदतीत गाडीचा ताबा, नियंत्रण व वापर सर्वस्वी कंपनीकडे जातो. ती चालवण्याची पूर्ण जबाबदारीही कंपनीवरच येते. म्हणून ट्रकच्या दारावर कंपनीचे नाव आणि कंपनीचा डीओटी नंबर असतो, साध्या मालासाठी लागणारा किमान साडेसात लाख डॉलरचा दायित्व विमाही कंपनीचाच असतो. याच चालकाने करार सोडून थेट ब्रोकरकडून माल उचलायला सुरुवात केली, तर मात्र परवाना, विमा, नशाचाचणीच्या गटातले सदस्यत्व, सगळे स्वतःचे लागते.

यावर रास्त आक्षेप असा की, एवढे नियंत्रण कंपनीचे असेल तर चालक स्वतंत्र व्यावसायिक कसला? नियमातच याचे उत्तर आहे: ताब्याच्या या कलमावरून तो नोकर की स्वतंत्र कंत्राटदार हे ठरत नाही. तो वाद कामगार कायद्यांचा आहे. सुरक्षेचे नियम मात्र या वादात पडतच नाहीत. ट्रक चालवत असताना स्वतंत्र कंत्राटदारही त्यांच्या व्याख्येत कर्मचारीच असतो. त्यामुळे ‘गाडी माझी, मी हवी तेवढी चालवीन’ हे म्हणणे टिकत नाही. सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त अकरा तास चालवणे, वैद्यकीय प्रमाणपत्र, नशेची चाचणी, गाडीची वार्षिक तपासणी हे सगळे पगारी चालकाइतकेच त्यालाही लागू आहे.

दुसरा गैरसमज याच्या नेमका उलट, आणि खिशाला जास्त महाग पडणारा: करार झाला, आता सगळे कागद कंपनी बघेल. एकूण 55,000 पौंड किंवा त्याहून जास्त वजनाच्या वाहनावरचा फेडरल वापरकर ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे त्याने भरायचा असतो. तो वर्षाला जास्तीत जास्त 550 डॉलर. कराचे वर्ष जुलैपासून सुरू होते आणि जुलैत गाडी रस्त्यावर असेल तर फॉर्म 2290 ऑगस्टअखेर जावा लागतो. कंपनीने स्वतःच्या नावाने नंबरप्लेट दिली असेल तर हिशेब बदलतो, म्हणून आधी नोंदणीचा कागद पाहावा. इंधनकराचे तिमाही विवरण कोणाच्या खात्यावर जाणार, हेही करारातच स्पष्ट हवे. प्राप्तिकर तर कोणी कापूनच घेत नाही, 15.3 टक्के स्वयंरोजगार करासह तिमाही आगाऊ भरणा स्वतःच करावा लागतो.

करार हा नुसता सहीचा कागद मानला जातो, याचे खरोखर वाईट वाटते. कारण चालकाचे हक्क त्यातच आहेत. पोचपावती आणि इतर कागद दिल्यापासून पंधरा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. मोबदला भाड्याच्या टक्केवारीत ठरला असेल तर भाड्याच्या बिलाची प्रत मागता येते. करारात न लिहिलेली कपात कंपनीला परस्पर करता येत नाही. अनामत रक्कम करार संपल्यापासून 45 दिवसांत, कायदेशीर कपात वजा करून, परत द्यावी लागते. आणि ट्रेलर सोडून, कंपनीचे काम नसताना नुसता ट्रक घेऊन घरी जाताना अपघात झाला, तर कंपनीचा विमा उपयोगी पडेलच असे नाही. त्या प्रवासाचा विमा कोणी काढायचा, हे करारात लिहिणे नियमाने बंधनकारक आहे. सही करण्यापूर्वी ते कलम शोधून काढावे, आणि नसेल तर लिहून घ्यावे.